सेव्हर्नवरचा लोखंडी पूल: दुखणं जमिनीचं, तडे लोखंडाला

इंग्लंडच्या श्रॉपशायर काउंटीत सेव्हर्न नदीवर बिडाचा एक पूल आहे. १७७९च्या उन्हाळ्यात त्याची कमान उभी राहिली आणि १ जानेवारी १७८१ला तो वाहतुकीला खुला झाला. बिडाच्या लोखंडात बांधलेला जगातला पहिला मोठा पूल म्हणून त्याचा एवढा बोलबाला झाला की त्याच्याशेजारी वाढलेल्या वस्तीलाच लोक आयर्नब्रिज म्हणू लागले. औद्योगिक क्रांतीवरच्या बहुतेक पुस्तकांत या पुलाची गोष्ट इथेच संपते. मला रस आहे तो पुढच्या काळात. पूल खुला होऊन काही वर्षं जातात न जातात तोच त्याच्या दगडी आधारांना तडे दिसू लागले, कारण ज्या दोन काठांवर तो टेकला होता ते एकमेकांकडे सरकत होते. अशा जागी अडकलेली, उचलून दुसरीकडे नेता न येणारी, ठिसूळ धातूची ही वास्तू आठ-नऊ पिढ्यांनी कशी सांभाळली, कुठे हात घातला आणि कुठे मुद्दाम घातला नाही, ते या प्रकरणात पाहू.

खोरं

ज्या घळीतून सेव्हर्न इथे वाहते, ती घळ हेच या भागाच्या भाग्याचं आणि दुखण्याचंही मूळ. तिच्या दोन्ही कडांमध्ये दगडी कोळसा, लोहखनिज, चुनखडी आणि भट्टीच्या विटांना लागणारी चिकणमाती असे चारही जिन्नस हाताच्या अंतरावर मिळत. तयार माल वाहून न्यायला खाली नदी होतीच. लोखंडाच्या धंद्याला एवढं सगळं एका जागी मिळणं दुर्मीळच.

अब्राहम डार्बी हा ब्रिस्टलहून आलेला, पितळेच्या धंद्यात तयार झालेला माणूस. वाळूच्या साच्यात लोखंडी भांडी ओतण्याच्या पद्धतीचं पेटंट त्यानं १७०७ मध्ये घेतलं होतं. १७०९ मध्ये याच खोऱ्यातल्या कोलब्रुकडेलच्या भट्टीत त्यानं लाकडी कोळशाऐवजी कोक वापरून लोखंड गाळून दाखवलं. दगडी कोळसा तसाच भट्टीत घातला तर त्यातलं गंधक लोखंडात उतरतं आणि माल खराब होतो. तो आधी भाजून कोक केला की गंधक पुष्कळसं निघून जातं, आणि इथल्या कोळशात ते मुळातच कमी होतं. शिवाय कोकवर गाळलेल्या लोखंडात सिलिकॉनचं प्रमाण जास्त राहतं. ते पातळ वाहतं, साच्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात जातं. घणाखाली ठोकून घडवायला ते तेवढं चांगलं नव्हतं, पण ओतकामासाठी उत्तम होतं. म्हणून कोलब्रुकडेलमधून आधी स्वयंपाकाची भांडी निघाली, मग खाणीतलं पाणी उपसणाऱ्या वाफेच्या यंत्रांची सिलिंडरं, १७६७ मध्ये बिडाचे रूळ आणि शेवटी पूल. ही साखळी लक्षात घेतली की पूल अचानक उगवलेला चमत्कार वाटत नाही. सत्तर वर्षं ओतकाम करून हात बसलेल्या माणसांनी घेतलेली ती पुढची उडी होती.

आता दुसरी बाजू. ज्या थरांत कोळसा होता, त्याच थरांत मऊ माती आणि शेल दगडाचे पापुद्रेही होते. पाणी मुरलं की असे थर एकमेकांवरून घसरतात. घळ अरुंद आणि कडा उभ्या. नदी त्यांचा पायथा सतत खात असते आणि आतून खाणींनी डोंगर पोखरलेला. भूगर्भाच्या मापानं ही घळ तरुण आहे, तिचे उतार अजून स्थिरावलेले नाहीत. पूल बांधणाऱ्यांना यातलं किती उमगलं होतं कोण जाणे. त्यांच्यापुढे तातडीचा प्रश्न वेगळाच होता: कोळशाच्या आणि मालाच्या होड्यांची ये-जा न अडवता, पात्रात एकही खांब न रोवता, नदी ओलांडायची कशी?

पूल उभा राहिला तो कसा

कल्पना श्रूजबरीचा वास्तुकार टॉमस फार्नोल्स प्रिचर्ड याची. १७७३ मध्ये त्यानं जॉन विल्किन्सन या लोखंडाच्या कारखानदाराला पत्र लिहून लोखंडी पूल सुचवला. विल्किन्सनला लोखंडाचं इतकं वेड होतं की लोक त्याला ‘लोखंडवेडा विल्किन्सन’च म्हणत. पुलाला परवानगी देणारा पार्लमेंटचा कायदा १७७६ मध्ये झाला. त्याच वर्षी मे महिन्यात पुलासाठी पैसे घालणाऱ्या भागधारकांचा धीर सुटला. त्यांनी लोखंडाचा बेत बाजूला ठेवून दगड, वीट किंवा लाकडाच्या एका कमानीच्या पुलासाठी जाहिरात दिली, मनाजोगता प्रस्ताव आला नाही आणि मग पुन्हा लोखंडाकडेच वळावं लागलं. १७७७च्या डिसेंबरमध्ये प्रिचर्ड वारला. आपल्या पुलाचा एकही भाग उभा राहिलेला त्यानं पाहिला नाही. काम तडीस नेलं ते पहिल्या डार्बीच्या नातवानं, तिसऱ्या अब्राहम डार्बीनं.

कमानीचा गाळा १०० फूट ६ इंच, म्हणजे साधारण ३०.६ मीटर. पाच फासळ्या, प्रत्येक फासळीचे दोन अर्धे भाग, एकेक अर्धा भाग सुमारे ७० फूट लांब आणि जवळपास साडेपाच टन वजनाचा, अखंड ओतलेला. एकूण १,७०० हून अधिक तुकडे, वजन ३७८ टनांच्या वर. अंदाज सुमारे ३,२०० पौंडांचा होता, खर्च ६,००० च्या पुढे गेला. अंदाजावरचा सगळा खर्च डार्बीनं स्वतःवर घेतला आणि मरेपर्यंत तो कर्जातच राहिला. १७८९ मध्ये गेला तेव्हा त्याचं वय चाळिशीच्या आतच होतं.

आजच्या अभियंत्याला सर्वांत चकित करतात ते सांधे. बिडाच्या मोठ्या वास्तूचे सांधे कसे करायचे याचा अनुभव तेव्हा कुणालाच नव्हता. मग माणसांनी हातात असलेली विद्या वापरली, ती सुताराची. सालं-कुसू, डव्हटेल, पाचर. लाकडात सालं पाडून त्यात कुसू बसवावं, तसे हे बिडाचे तुकडे एकमेकांत बसवून पाचरी ठोकल्या आहेत. नटबोल्ट आणि रिव्हेट यांच्यावर उभी केलेली ही वास्तूच नाही.

या बांधकामाविषयी समकालीन कागद फार थोडे उरले आहेत आणि दोनशे वर्षं कुणालाच नीट कळत नव्हतं की साडेपाच टनांचे ते अर्धे भाग एवढ्या उंचीवर चढवले कसे. उत्तर मिळालं ते १९९७ मध्ये स्टॉकहोममध्ये. एलियास मार्टिन या स्वीडिश चित्रकाराचं एक लहानसं जलरंगातलं रेखाटन तिथल्या एका संग्रहात सापडलं. त्यात पूल अर्धवट उभा आहे आणि पात्रात रोवलेल्या खांबांची, हलवता येणारी एक लाकडी परांची क्रेनसारखी काम करते आहे. म्हणजे भट्टीवरून होडीनं भाग आणायचे आणि पाण्यावरूनच ते वर उचलून घ्यायचे. २००१ मध्ये मुख्य गाळ्याची निम्म्या आकाराची प्रतिकृती खरोखर उभी करून ही पद्धत चालते हेही दाखवलं गेलं. त्याच सुमाराच्या बारकाईच्या मोजणीतून आणखी एक गोष्ट बाहेर आली: जवळपास ७० टक्के तुकडे, त्यात मोठे तर सगळेच, त्या त्या जागेच्या मापानं वेगवेगळे ओतलेले आहेत. एकसारखे दिसणारे दोन भाग मोजायला गेलं की थोडे तरी वेगळे निघतात.

जतनाच्या दृष्टीनं या शोधाला मी फार महत्त्व देतो. १,७०० तुकड्यांपैकी एखादा फुटला तर त्याच्यासारखा दुसरा मिळणार नाही आणि शेजारच्या जागेतला इथे बसणारही नाही. बदलून टाकणं हा मार्ग जवळजवळ बंदच. जो तुकडा तडकला आहे त्यालाच आधार देऊन जागेवर ठेवायचं, हे धोरण पुलाच्या घडणीतच लिहिलेलं आहे.

निदान

१७८४ मध्येच दक्षिणेच्या दगडी आधारात तडे गेल्याची नोंद आहे. पुलाच्या दोन टोकांना कमानीचा भार घेणाऱ्या या दगडी बांधकामाला आपल्याकडचे अभियंते अबटमेंट म्हणतात, इथेही तोच शब्द वापरतो.

कमान नेहमी बाहेरच्या बाजूला रेटते, त्यामुळे कमानीच्या पुलाचं अबटमेंट हललं म्हटलं की पहिला संशय येतो तो दोन टोकं फाकण्याचा. इथे नेमकं उलटं होतं. डोंगराचा रेटा कमानीच्या रेट्यापेक्षा जास्त होता आणि दोन्ही अबटमेंट आत, नदीकडे, सरकत होती. प्लास्टिकची पट्टी दोन तळव्यांमध्ये वाकवून धरा आणि तळवे थोडे जवळ आणा: पट्टीचा मध्य वर उचलला जातो. पुलाचंही तेच झालं आहे. त्याचा माथा मूळ वर्तुळाकार रेषेपेक्षा वर चढून किंचित टोकदार झाला आहे.

बिडाला दाब चालतो, ताण चालत नाही. कमानीत सगळा भार दाबाच्या रूपानं वाहिला जातो, म्हणून तर बिडासाठी कमान हा आकार योग्य. पण काठ आत आले आणि कमान वाकू लागली की तिच्या एका अंगाला ताण येतो आणि बीड तिथेच तडकतं. त्यात ओतकामाच्या वेळी थंड होताना आत राहून गेलेले ताण होते. १९व्या शतकाच्या अखेरीस भूकंपाचा धक्काही बसला. तडे लोखंडाला गेले म्हणून सगळ्यांचं लक्ष लोखंडाकडे जातं, पण मूळ दुखणं जमिनीत होतं. माझ्या मते या पुलाच्या सगळ्या दुरुस्त्यांचं यशापयश एकाच कसोटीवर ठरतं: त्या वेळच्या माणसांनी जमिनीवर इलाज केला की फक्त लोखंडावर?

पहिल्या पिढीनं, तिचं कौतुक करायला हवं, जमीन ओळखली. १८०२ मध्ये दक्षिणेचं जडच्या जड दगडी अबटमेंट पाडून तिथे लाकडी कमानी बसवल्या. सरकत्या उतारावरचं ओझं कमी केलं, की रेटाही कमी होतो. लाकूड टिकणारं नव्हतंच. १८२१ मध्ये त्याच्या जागी बिडाच्या कमानी आल्या. आज पुलाच्या दक्षिण टोकाला दिसणाऱ्या दोन लहान कमानी त्या ह्याच. पाहणाऱ्याला त्या मूळ रचनेचा भाग वाटतात, प्रत्यक्षात ती चाळीस वर्षांनंतरची दुरुस्ती आहे. आणि ती दुरुस्तीही आता दोनशे वर्षांची झाल्यामुळे स्वतःच वारसा ठरली आहे.

दरम्यान १७९५च्या फेब्रुवारीत सेव्हर्नला मोठा पूर आला. नदीवरच्या इतर पुलांची हानी झाली, वरच्या अंगाला बिल्डवॉस इथला पूल वाहून गेला, हा मात्र धक्का न लागता उभा राहिला. पात्रात खांब नाही आणि जाळीदार कमानीतून पाणी सरळ निघून जातं, त्यामुळे पुराला धरायला काही सापडत नाही. लोखंडी पुलाची खरी जाहिरात या पुरानंच केली. तेव्हा श्रॉपशायरचा सार्वजनिक बांधकाम अधिकारी होता टॉमस टेलफर्ड. बिल्डवॉसला नवा पूल बांधताना त्यानंही बीडच निवडलं.

टेलफर्डचा बिल्डवॉस पूल १७९६ मध्ये पुरा झाला. गाळा १३० फूट, म्हणजे डार्बीच्या पुलापेक्षा मोठा, आणि लोखंड १७३ टन, म्हणजे निम्म्याहूनही कमी. अभियांत्रिकीच्या इतिहासात याचा उल्लेख प्रगती म्हणून होतो आणि ते बरोबरही आहे. डार्बीनं अंदाज नसल्यामुळे लोखंड उदंड वापरलं, टेलफर्डनं हिशेबानं वापरलं. पण नदी तीच, घळ तीच, दुखणंही तेच. बिल्डवॉसलाही काठ आत सरकले आणि तो पूल २०व्या शतकाच्या सुरुवातीला काढून नवा बांधावा लागला. एका जोडीवरून नियम काढू नये, हे मला मान्य आहे. तरी असं वाटतं की डार्बीच्या पुलात जे अनावश्यक मानलं गेलं, ते जादा लोखंड, एकावर एक आडवेतिडवे जोड, थोडीफार हालचाल पचवणारे सुतारी सांधे, त्यांनीच तो वाचला. एखादी आडवी पट्टी तुटली तर भार दुसरीकडे वळतो. जमिनीचा भरवसा नसेल तिथे अशी सढळ रचना उपयोगी पडते.

टोलनाक्याची दीडशे वर्षं

या काळाबद्दल थोडक्यात. पूल खासगी मालकीचा होता. टोलनाक्यावरच्या फलकावर ठणकावून लिहिलेलं आहे की कामावर असलेला सैनिक असो, टपालाची गाडी असो वा राजघराण्यातलं कुणी असो, प्रत्येकानं टोल भरायचाच. हा फलक आजही तिथे वाचता येतो. उत्पन्न टोलचं, मालक भागधारक, आणि दुरुस्ती म्हणजे त्यांच्या नफ्यातून कापली जाणारी रक्कम. त्यामुळे तुटलं तिथे पट्टी मारायची, एवढ्यावर बराच काळ भागवलं गेलं. तडकलेल्या भागांना आवळणाऱ्या लोखंडी पट्ट्या जागोजागी आहेत, त्या या काळाची खूण. १९०९ मध्ये खालच्या अंगाला बिनटोलचा काँक्रीटचा पूल झाला. १९३४ मध्ये लोखंडी पूल वाहनांना बंद झाला आणि त्याच वर्षी त्याला संरक्षित स्मारकाचा दर्जा मिळाला. पायी जाणाऱ्यांकडून टोल मात्र १९५० पर्यंत घेतला जात होता. त्या वर्षी पूल श्रॉपशायर काउंटी कौन्सिलकडे आला.

तोवर खोऱ्याची रया गेली होती. भट्ट्या विझल्या होत्या, टाइल आणि चिनी मातीचे कारखाने एकामागून एक बंद पडले होते. कोलब्रुकडेलची जुनी भट्टी, जिथे १७०९चा प्रयोग झाला, ती राडारोड्याखाली होती. १९५९ मध्ये, त्या प्रयोगाला २५० वर्षं झाली म्हणून, तिथल्याच ओतकामाच्या कंपनीनं ती मोकळी केली. पडक्या भट्टीला किंमत असते हे तेव्हा फार थोड्यांना वाटत होतं. कारखान्यांचे अवशेष म्हणजे साफ करायचा कचरा, असाच त्या काळचा रिवाज होता. म्हणून त्या कंपनीच्या माणसांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

मग शेजारी नवं शहर वसवायचं ठरलं. १९६३ मध्ये डॉली न्यू टाउन म्हणून आखलेल्या या शहराला १९६८ मध्ये टेलफर्ड हे नाव मिळालं. नव्या शहराच्या महामंडळाकडे पैसा होता, जमीन होती, आणि त्याच्या हद्दीच्या कडेला हे जुनं खोरं होतं. १९६७ मध्ये आयर्नब्रिज गॉर्ज म्युझियम ट्रस्ट स्थापन झाला. पुढचं काम शक्य झालं ते या योगामुळे. एकट्या काउंटी कौन्सिलला नदीच्या तळाशी काँक्रीट ओतणं परवडलं असतं असं मला वाटत नाही.

नदीखालची उलटी कमान, १९७२ ते १९७५

प्रश्न आता स्पष्ट होता. काठ आत येतात, ते रोखायचे. सरकणारा डोंगर धरून ठेवायचा तर खर्चाला अंत नाही. पूल उलगडून दुसरीकडे उभारता आला असता, पण मग तो संग्रहालयातली वस्तू झाला असता आणि ज्या दोन काठांना जोडण्यासाठी तो जन्माला आला त्यांच्याशी त्याचं नातं संपलं असतं. लोखंडाच्या आत नवं पोलाद घालून त्याला ताकद देता आली असती. त्यानं पूल ओळखू येईनासा झाला असता आणि काठांची हालचाल चालूच राहिली असती.

सल्लागार अभियंत्यांनी निवडलेला मार्ग मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत सुंदर निर्णय वाटतो. दोन्ही अबटमेंट एकमेकांकडे येऊ पाहतात ना? मग त्यांनाच एकमेकांविरुद्ध उभं करायचं. नदीच्या तळाखालून, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, प्रबलित काँक्रीटची उलटी कमान घालायची. उत्तरेचा रेटा या काँक्रीटमधून दक्षिणेच्या अबटमेंटवर जातो, दक्षिणेचा उत्तरेवर. दोन्ही एकमेकांना थोपवून धरतात आणि वरच्या बिडाच्या कमानीला त्यात पडावं लागत नाही. वर लोखंडाची कमान, खाली काँक्रीटची उलटी कमान, मधून नदी. पुलाच्या रूपात एका रेषेचाही फरक नाही.

करणं सोपं नव्हतं. पात्रात काम करायचं तर पाणी कमी असणारे उन्हाळ्याचे महिनेच हाताशी असतात. १९७३च्या वसंतात काम सुरू झालं आणि त्या उन्हाळ्यात अवेळी पूर येऊन झालेलं बरंचसं काम वाहून गेलं. पुढच्या उन्हाळ्यात, १९७४ मध्ये, ते पुरं झालं. पुलावरचा जड रस्ता काढून हलका थर घातला गेला. एकूण खर्च १,४७,००० पौंड. १९८० मध्ये पुलाला रंग लागला, २०व्या शतकातला पहिलाच. ८० वर्षं बिनरंगाचं बीड इंग्लंडच्या पावसात राहिलं आणि तरी खंगलं नाही, यालाही ओतकामाच्या गुणाची साक्ष म्हणायला हवं. १९८६ मध्ये युनेस्कोनं ब्रिटनमधली पहिली काही जागतिक वारसा स्थळं जाहीर केली, त्यांत हे खोरं होतं.

या निर्णयाला एक आक्षेप घेता येतो आणि तो हलका नाही. १८व्या शतकाच्या स्मारकाला २०व्या शतकाचं एवढं मोठं काँक्रीट कायमचं जोडणं कितपत योग्य? जतनशास्त्रात आदर्श असा की केलेली दुरुस्ती पुढे काढून घेता यावी. ही उलटी कमान काढता येण्यासारखी नाही आणि काढलीच तर पूल धोक्यात येईल. मी या आक्षेपापेक्षा निर्णयाच्या बाजूचा आहे. १८०२ आणि १८२१च्या माणसांनीही त्यांच्या काळातलं साहित्य वापरून जमिनीवरच इलाज केला होता. १९७४चं काँक्रीट त्याच रांगेतलं आहे.

रंग, पैसा आणि २०१८

जमीन आवरली, आता लोखंडाकडे निवांत पाहता येणार होतं. पुलाची देखभाल करणाऱ्या इंग्लिश हेरिटेजनं २०१७-१८ मध्ये ३६ लाख पौंडांचं काम हाती घेतलं. सबंध पूल परांचीनं वेढून वरून आच्छादला. तडकलेले आणि गंजलेले भाग, आडव्या पट्ट्या, वरचा पृष्ठभाग आणि दगडकाम एकेक करून तपासून दुरुस्त केलं. काम चालू असताना लोकांना परांचीवरून फिरून ते जवळून पाहता येईल अशी मार्गिकाही केली होती. झाकून ठेवलेली दुरुस्ती लोकांना गैरसोय वाटते. समोर दिसणारी दुरुस्ती पाहिली की त्यांना ती वास्तू आपली वाटू लागते.

पैशाची हकीकत सांगण्यासारखी आहे. जर्मनीतल्या हेरमान रेम्ट्समा प्रतिष्ठाननं दहा लाख युरो दिले. इंग्लिश हेरिटेजनं याच कामासाठी पहिल्यांदा लोकवर्गणी काढली आणि हजारांवर लोकांनी मिळून ४७ हजार पौंडांहून अधिक जमवले. एकूण खर्चात ही रक्कम लहान आहे. पण हा पूल मुळात उभा राहिला तोही भाग विकून गोळा केलेल्या पैशावर आणि एका माणसाच्या कर्जावर, हे आठवलं की त्या वर्गणीचं मोल वाढतं.

रंगावरून मात्र चर्चा झाली. माणसांच्या आठवणीत पूल राखाडी होता, चित्रपत्रांवरही राखाडी. जुन्या रंगाचे कपचे काढून प्रयोगशाळेत थर तपासले तेव्हा सर्वांत आतला रंग गडद तांबूस-तपकिरी निघाला. २०१८च्या डिसेंबरात परांची उतरली तेव्हा पूल त्याच रंगात होता. ज्यांना राखाडी पूल प्रिय होता त्यांची हळहळ मी समजू शकतो, पण मला हा निर्णय पटतो. राखाडी रंगात पूल इंग्लंडच्या आभाळात मिसळून जातो. तांबूस रंगात तो झाडीतून पुढे येतो आणि बांधणाऱ्यांना आपली कारागिरी दाखवायची होती हे चटकन कळतं.

जे राहिलं नाही

पुलापासून थोडं वर, बिल्डवॉसच्या बाजूला, कोळशावर चालणारं आयर्नब्रिज वीजकेंद्र होतं. त्याचे चार कूलिंग टॉवर खोऱ्याच्या तोंडाशी उभे होते. १९६०च्या दशकात ते बांधताना इथल्या मातीच्या रंगाशी जुळावेत म्हणून काँक्रीटमध्येच तांबडा रंग मिसळला होता. केंद्र २०१५ मध्ये बंद झालं आणि ६ डिसेंबर २०१९ला चारही टॉवर सुरुंगांनी काही सेकंदांत पाडले गेले, पुलाचा नवा रंग झळकल्याला वर्ष होत होतं तेव्हाच. त्यांतला निदान एक ठेवायला हवा होता, असं मला ठामपणे वाटतं. १७०९ मध्ये कोळशानं लोखंड गाळायला ज्या खोऱ्यात सुरुवात झाली, त्याच खोऱ्यात कोळशाचं युग संपलं, आणि त्या शेवटाची मोठी खूण उरली नाही. देखभालीचा खर्च होता, जागेवर घरं बांधायची होती, ही कारणं खरी आहेत. १९५९ पूर्वी जुन्या भट्टीबद्दलही अशीच खरी कारणं देता आली असती.

जमीन अजून जागी आहे

पुलापासून खालच्या अंगाला जॅकफील्ड गाव आहे. १९५२ मध्ये तिथला उतार घसरला आणि २७ घरं गेली, रस्ता आणि रेल्वेमार्ग सरकले. २०१३ ते २०१६ दरम्यान तिथला उतार स्थिर करायला १ कोटी ७६ लाख पौंड खर्च झाले. २०२० च्या फेब्रुवारीत सेव्हर्न इतकी फुगली की आयर्नब्रिजच्या नदीकाठच्या रस्त्यावर लावलेले तात्पुरते पूररोधक पाण्याच्या दाबानं जागचे हलले आणि शेजारच्या घरांतल्या लोकांना बाहेर काढावं लागलं. पूल त्याही वेळी १७९५सारखाच उभा राहिला.

हे आकडे शेजारी ठेवून पाहावेत. पुलाच्या लोखंडावर ३६ लाख, जॅकफील्डच्या जमिनीवर जवळपास पाचपट. जॅकफील्डचं काम घरं आणि रस्ते वाचवण्यासाठी होतं, पुलासाठी नव्हतं. तरीही ते याच पुलाच्या दुखण्यावरचं काम आहे, कारण घळ एक आहे आणि तिचे उतार एकच आहेत. लोखंडाच्या रंगरंगोटीसाठी देणगीदार मिळतात, छायाचित्रं येतात. उताराच्या पोटात घातलेले खांब आणि पाण्याचा निचरा करणारे पाट कुणाला दिसत नाहीत, त्यांच्यासाठी वर्गणीही निघत नाही. पुढचा आराखडा करणाऱ्यांनी उतारांची मोजणी, निचरा आणि पूरनियंत्रण यांचा खर्च पुलाच्याच जतनाच्या खात्यात मांडायला हवा, आणि रंगाचा पुढचा हात द्यायच्या आधी मांडायला हवा.